एका साक्षगंधाचं मूल्यमापन

आमच्या घरी भात दोनदा शिजायचा. एकदा सगळ्यांसाठी. मग त्यातलाच वाडगाभर भात आई पाणी घालून पुन्हा चुलीवर चढवायची आणि शीत दिसेनासं होईपर्यंत घोटत राहायची. ती पेज बाबांची. बाबांचं तोंड उघडत नव्हतं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेमतेम एक बोट आत जाईल एवढीच फट राहिली होती. भाताचा घास त्यातून जात नव्हता. तिखट लागलं तर आगीचा चटका बसल्यासारखे ते उठून अंगणात जायचे. आम्ही जातीने ढिवर. गावच्या तलावात बाबा जाळं टाकायचे, मासोळ्या आणायचे, आई झणझणीत रस्सा करायची, आणि ज्याने मासोळी धरली तो माणूस भिंतीकडे तोंड करून पेज प्यायचा. हे मी लहानपणापासून पाहिलं.

त्याआधी ते दंडारीत गात. दंडार म्हणजे थंडीच्या दिवसांत गावोगाव होणारा आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. बाबांचा आवाज तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर ऐकू जायचा म्हणतात. मी तो ऐकलेला नाही. मला कळायला लागलं तेव्हा तोंड मिटत चाललं होतं.

ते तंबाखूनेच झालं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तंबाखू तर सगळेच खायचे. घरात तांदूळ संपला तर आई इकडून तिकडून मागून दोन दिवस ढकलायची. तंबाखू संपली तर मात्र त्याच घडीला दुकानात जावं लागायचं, आणि जायची मी. पाऊस आला, तलाव भरला, तर आमचं बरं चालायचं. नाही भरला तर आई लोकांच्या धानाच्या रोवणीला जायची, बाबा मिळेल ती मजुरी करायचे. अशा घरातून मी गडचिरोलीला येऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी अजिबात न लाजता सांगते. माझी आई तर बसमधल्या अनोळखी माणसालाही सांगायची.

मग एका आरोग्य संस्थेत नोकरी लागली. पदाचं नाव होतं मूल्यमापन कार्यकर्ती. आईने विचारलं, "म्हंजे काय करतं वो तू?"

"एखाद्या गावानं तंबाखूबंदीचा ठराव केला ना, तं तो पाळून राह्यले का नाई, ते पाहाचं."

"आन नाई पाळला तं?"

"तं तसं लिहाचं."

आईने जरा विचार केला. "मारत नाईत का तुले?"

नाही मारलं कुणी. उलट चहा फार पाजला. 'तंबाखूवाल्या मॅडम' हे नाव मात्र जे चिकटलं ते निवृत्त झाले तरी सुटलं नाही. एकदा चंद्रपूरच्या बसस्थानकावर एक बुवा मोठ्याने ओरडले, "ओ तंबाखूवाल्या मॅडम!" तर शेजारच्या बाईने माझ्याकडे चिमूटभर मागितली.

बाहेरच्या वाचकांना आमचा खर्रा माहीत नसेल म्हणून सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीवर टाकून पानठेलेवाला तो जोर लावून घोटतो, मग त्याच पन्नीत बांधून हातात देतो. खिशात चिल्लर नसेल पण खर्रा असेल, अशी गडचिरोली आणि चंद्रपूर या आमच्या दोन्ही जिल्ह्यांची तऱ्हा होती. बायकांचं निराळं. त्या तंबाखू भाजून, काळी करून दातांना घासत. त्याला नस म्हणतात. पुरुष कार्यकर्ते गावात विचारून यायचे, "बायका तंबाखू खातात?" लोक सांगायचे, "नाई जी." ते खरंच होतं. खात नव्हत्या, घासत होत्या. मी चुलीपर्यंत जायचे म्हणून मला कळलं.

या कामात पहिला धडा हा की, "तंबाखू खाता का?" असं विचारायचं नाही. विचारलं की सगळं गाव साधू होतं. मी ठेल्यावर जाऊन चुन्याची डबी मागायचे. जिथे चुना विकला जातो तिथे तंबाखू फार लांब नसते. दुसरं म्हणजे भिंत. ठराव झाला की त्याच दिवशी ग्रामपंचायतीची एक भिंत गावाकडून पांढऱ्या चुन्याने रंगवून घ्यायची, ही माझी युक्ती. पुढच्या खेपेला सरपंच काहीही सांगोत, मी आधी भिंत पाहायचे. ती पिचकाऱ्यांनी लाल झाली असेल तर चहा पिऊन, हसतमुखाने, तसंच लिहायचं.

माणसं मात्र डोकेबाज. एका गावाने ठरावात लिहिलं, गावाच्या शिवेच्या आत तंबाखू विकायची नाही. ठेलेवाल्याने ठेला बैलगाडीवर चढवला आणि शिवेच्या दगडापलीकडे नेऊन उभा केला. मी म्हटलं, "भाऊ, हे काय?" तो म्हणाला, "मॅडम, मी गावाच्या बाहेर हाव. गिऱ्हाइकाचे पाय आत हायेत आन हात बाहेर. आता कोन्ती बाजू लिहता ते तुमी ठरवा." एका शाळेत मुख्याध्यापक फळ्यावर तंबाखूविरोधी घोषणा लिहीत होते आणि खडू संपला म्हणून डब्यात हात घातला तर खर्र्याची पुडी निघाली. पोरं एवढी हसली की मलाही आवरेना. गुरुजी स्वतःच हसले आणि पुडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "जप्त करा."

पण मला सांगायचं आहे ते एका गावाचं. वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठावरचं गाव. नाव लिहीत नाही, कारण यातले सोयरे अजून आहेत आणि भांडायला तयार असतात.

त्या गावची ग्रामसभा झाली तेव्हा मी हजर होते. ठराव मांडला सीतारामभाऊंनी. ते भातशेतीवाले, बोलायला सरळ. पण त्यांना मांडायला लावला त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी. सगळ्यांचे हात वर गेले. गावात तंबाखू, खर्रा विकायचा नाही, कार्यात वाटायचा नाही. टाळ्या झाल्या. मी लिहायला घेतलं. तेवढ्यात सीतारामभाऊंनी खिशातून डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने चोळली, वरून थाप मारली आणि हात शेजाऱ्यापुढे धरला. शेजाऱ्याने चिमूट घेतली. त्याच्या पुढच्याने घेतली. हात फिरत फिरत सरपंचांपर्यंत गेला.

माझं पेन थांबलं. कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"अवो बापा! आताच तं हात वर केला ना तुमी!"

"हाव," सीतारामभाऊ शांतपणे म्हणाले. "म्हनून तं पक्का करून राह्यलो."

कुणालाच त्यात काही विपरीत वाटलं नव्हतं. आमच्याकडची रीतच तशी. भांडण मिटलं, बैल विकला, पोरगी दिली, की एकाने तळहातावर तंबाखू चोळायची आणि दुसऱ्याने त्यातली चिमूट उचलायची. त्याशिवाय बोलणं नुसतं बोलणं राहतं. तंबाखूबंदीचा ठराव पक्का व्हायचा तर तंबाखू फिरायला नको का? कौशल्याबाईंनी डोक्याला हात लावला, मग सगळ्या सभेला एकदम उमगलं आणि असा हशा उसळला की झाडावरची पाखरं उडाली.

संस्थेतल्या डॉक्टरांना मी हे जसंच्या तसं लिहून दिलं. त्यांनी विचारलं, "मग हे गाव पास धरायचं की नापास?" मी म्हटलं, "सर, आत्ता नाही सांगता येत. या गावात पहिलं साक्षगंध होईल तेव्हा सांगते." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. हे मी तेव्हा सहज बोलून गेले. पण पुढे हेच माझ्या कामाचं सूत्र झालं. ठरावाची परीक्षा रोजच्या दिवशी होत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत होते, तेरवीत होते, सोयरिकीत होते. पाहुणा दारात उभा असतो तेव्हा होते.

पुढचे काही महिने गाव चांगलं चाललं. भिंत पांढरी. ठेल्यावर चुना मागितला तर ठेलेवाला दुखावल्यासारखा माझ्याकडे पाहायचा; त्याने आता चहा आणि भजी सुरू केली होती. आणि मग धानाची कापणी झाल्यावर सीतारामभाऊ आमच्या घरी आले. त्यांच्या मंगलाचं जमलं होतं. मुलगा नदीपल्याडचा, चंद्रपूर जिल्ह्यातला, नाव शंकर. मुलाचा आजा दसरू हा बाबांचा जुना दंडारीतला जोडीदार. बाबा गायचे, दसरू आजा मागून झील धरायचा. बाबांनी साक्षीदार म्हणून यावं असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. बाबा आजारी पडल्यापासून त्या दोघांची भेट नव्हती.

निघताना सीतारामभाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुमी बी या. पन पाहुनी म्हनून या. कागद नोका आनू."

"कागद नाई आनत भाऊ. पन डोये घरी ठेवून येता येत नाई."

ते हसले, पण त्यांची काळजी मला दिसत होती. पल्याडच्या गावाला ठराव नव्हता.

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात मांडव, सतरंज्या, बायकांची धावपळ. मंगला नवी साडी नेसून आतल्या दाराच्या आडून पाहत होती. मुलगा तिला पसंत आहे हे विचारायची गरज नव्हती. दाराची फट दर थोड्या वेळाने मोठी होत होती. शंकर खाली मान घालून बसला होता, पण त्याची मान नेमकी त्या दाराच्या दिशेनेच वळत होती.

कुंकू लागलं. साडी, नारळ झालं. ताट फिरलं. ताटात पान, सुपारी, खोबरं, साखर. दसरू आजाने ताट न्याहाळलं. उंच, काटकुळा म्हातारा, हातात काठी, डोक्याला पांढरा दुपट्टा.

"ताट तं बेस हाये," तो म्हणाला. "तंबाखू कुठी हाये?"

"आजा, आमच्या गावानं ठराव केला," सीतारामभाऊ म्हणाले. "कार्यात तंबाखू नाई वाटत आमी."

"ठराव तुमच्या गावाचा. मी नदीपल्याडचा मानूस."

"पन बसले तं आमच्या मांडवात ना जी."

"मंग उठतो," दसरू आजा म्हणाला, आणि खरंच काठी टेकवून उभा राहिला. "मले काई तंबाखूची तलफ नाई आली. खिशात हाये माह्या. पन तंबाखू नाई फिरली तं सोयरीक पक्की कशी? उद्या कोनी म्हनलं, बोलनं झालंच नाई, तं मी काय दाखवू?"

त्याच्यामागे त्यांचे दोन-चार लोक उठले. बायकांची धावपळ थांबली. दाराची फट एकदम बंद झाली.

सीतारामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या मांडवाने पाहिलं. "मॅडम, आजच्या दिवसाची सूट भेटते का?"

खरं सांगते, हो म्हणावंसं वाटत होतं. एका पोरीचं लग्न माझ्या एका वाक्यावर मोडत असेल तर चुलीत गेलं मूल्यमापन. पण माझं काम पाहायचं होतं. सूट द्यायची की नाही हे माझ्या हातात कधीच नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, ठराव माहा नाई, तुमचा हाये. मी सूट देनारी कोन?"

सीतारामभाऊंचा चेहरा पडला. हात नकळत खिशाकडे गेला. ठराव झाल्यापासून खिशात डबी नसायची, तरी हात गेला.

तेव्हा कौशल्याबाई पुढे आल्या. पदर खोचला. "आजा, रागावू नोका. मले एक सांगा. तंबाखूत असं काय हाये का त्यानं सोयरीक पक्की होते?"

"तंबाखूत काई नाई वो बाई," दसरू आजा म्हणाला. "हातात हाये. मी माह्या तळव्यावर चोळतो आन हा सीताराम माह्या तळव्यावरचं उचलून खाते. दुसऱ्याच्या हातचं चोळलेलं ज्यानं खाल्लं, तो परका नाई राह्यत. माह्या आज्यानं असंच सांगतलं मले."

दार उघडलं. ज्या पोरीचं साक्षगंध ती पोरगी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "मंग हातावर चोळाचंच पायजे ना आजा? थांबा. आनते मी."

नवरीने असं बोलायचं नसतं. एक-दोन बायांनी "अवो, अवो!" केलं. पण मंगला आत गेलीसुद्धा. मग आतून वाळू तापवलेल्या कढईत हरभरे पडल्याचा आवाज आला. तडतड, तडतड. आम्ही सगळे तो आवाज ऐकत बसलो. दसरू आजा मात्र उभाच. बसला असता तर हरल्यासारखं झालं असतं, गेला असता तर नातू जन्मभर बोलला नसता. म्हणून काठीवर रेलून, आभाळाकडे बघत तो उभा राहिला.

मंगला सुपात गरम फुटाणे घेऊन आली. "घ्या जी आजा. चोळा."

त्याने मूठ भरली आणि, "अगागागा! पोरी, लग्नाआधीच जाळतं का मले!"

"फुंकर मारा ना जी."

मांडव खुदखुदला. आजाने फुटाणे या हातातून त्या हातात उडवले, निवले तसे तळव्यावर ठेवले आणि अंगठ्याने चोळायला लागला. इतक्या वर्षांचा हात. तीच तऱ्हा, तोच जोर. मग सवयीने दुसऱ्या हाताची थाप मारली, तशी फोलपटं उडून थेट शंकरच्या नव्या सदऱ्यावर बसली. आणि मग आजाने चिमूट उचलली आणि काही विचार न करता खालच्या ओठात दाबली.

तो तसाच थबकला. ओठ फुगलेला. फुटाणे ओठात आणि काय करावं ते कळेना.

असं हसणं मी पुन्हा कोणत्याही कार्यात ऐकलं नाही. माणसं सतरंजीवर लोळली. शंकरची आई पदर तोंडात कोंबून बसली. दसरू आजाने एक-दोनदा रागावून पाहिलं, मग तोही हसला आणि फुटाणे चावत म्हणाला, "बेस हाये. जरा कडक हाये पन बेस हाये." सीतारामभाऊंनी त्याच्या तळहातावरचे उचलून खाल्ले. त्याने सीतारामभाऊंच्या हातावरचे खाल्ले. राहिला साक्षीदार.

दसरू आजा बाबांपुढे आला. हात पुढे केला. "घे गा गायका."

बाबांनी मान हलवली.

"काऊन गा? तू रुसला का आता? तोंड उघड."

बाबांनी तोंड उघडलं. उघडलं म्हणजे जेवढं उघडत होतं तेवढं. "एवढंच," ते दातांतून म्हणाले. "तंबाखूनं."

दसरू आजा बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला. ज्या तोंडामागे उभं राहून त्याने रात्ररात्र झील धरली होती, ते तोंड. मग त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं. मला वाटलं आता तो काहीतरी मोठं बोलणार. पण त्याने खिशातून डबी काढून शंकरच्या हातात दिली आणि मंगलाला विचारलं, "पोरी, पाटा कुठी हाये?"

आणि तो बसला. इतका वेळ उभा राहिलेला माणूस अंगणातल्या चुलीजवळ, पाट्यापुढे, मांडी घालून बसला आणि वरवंट्याने फुटाणे वाटायला लागला. बाया कुजबुजल्या, "अवो माय, नवरदेवाचा आजा पाट्यावर बसला!" तो म्हणाला, "बसू द्या. साक्षीदारानं खाल्ल्याशिवाय माही सोयरीक पक्की नाई होत." फुटाण्याचं बारीक पीठ झालं. ते त्याने तळव्यावर घेतलं, गूळ घातला, अंगठ्याने चोळलं आणि बाबांना पाट्याशेजारी बसवून त्यांच्या दातांच्या फटीतून चिमूट चिमूट आत सोडलं. बाबांनी ते चघळलं. डोळ्यांतून पाणी, आणि चेहऱ्यावर असं हसू की माझ्या आईने मला कोपर मारलं, पाहा म्हणून.

मग बाबा मिटल्या दातांतून गुणगुणले. दंडारीतलीच काहीतरी चाल. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. दसरू आजाने पाट्यावर बसल्या बसल्या मागून झील धरली. बाबांचा गाता आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा.

कामाचं सगळंच असं गोड नाही. ठराव करून विसरलेली गावं कितीतरी होती. बैलगाडीवरचा तो ठेला पुढे पुन्हा गावात आला. बाबांसारखी तोंडं ज्या गावांत मिटत होती तिथे मी फक्त पाहायला गेले, आणि पुष्कळदा उशिराच गेले. ही हुरहूर आहेच. पण त्या साक्षगंधानंतरच्या सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "ते गाव पास की नापास?" तेव्हा मी सगळं सांगितलं, आजाच्या ओठासकट. ते हसून हसून खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, पास. साक्षीदाराने खाल्लं."

दसरू आजाने डबी शंकरकडून परत मागून घेतली नाही. बाबांचं तोंड पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाने थोडं मोकळं झालं; मऊ भात आणि निवडलेली मासोळी ते खाऊ लागले, आणि आमच्या घरी भात एकदाच शिजू लागला. मंगलाच्या लग्नात तंबाखू फिरली नाही. पुढच्या वर्षी नदीपल्याडच्या गावाने ग्रामसभा घेऊन तोच ठराव केला, आणि तो पक्का केला फुटाण्यांनी. मी तिथेही भिंत पाहायला जात राहिले. ती पांढरीच होती.